गुळाच्या पाकातली रताळी, तंबूच्या मुक्कामावर: कामाच्या नोंदी

काम असं. २६ फेब्रुवारी २०२५ ला महाशिवरात्र. भंडारदऱ्याच्या पाणलोटात रतनवाडीला, अमृतेश्वराच्या देवळापासून चालत जाता येईल अशा एका शेतात चोवीस जणांचा मुक्काम. सगळ्यांना उपास. रात्रीच्या ताटात भगर, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर आणि बाजूला पाकातली रताळी.

भगर-आमटी तंबूच्या स्टोव्हवर सहज होते. रताळ्यांना मात्र जाड बूड आणि मंद आच लागते, आणि मुक्कामावर नेमकं तेच नसतं. फोड अख्खी राहिली पाहिजे, आतपर्यंत मऊ हवी, आणि पाक तिच्यावर चकचकीत बसला पाहिजे. ताटात ओघळून आमटीत मिसळला तर दोन्ही पदार्थ गेले. गोड काप म्हणून घरोघरी होणारा हा पदार्थ बाहेर नेताना कुठे अडतो आणि कशाने सुटतो, ते तारखेवार लिहून ठेवतो आहोत.

४ जानेवारी, शनिवार. पुणे, गच्चीवर

सामान: ब्यूटेनच्या कॅनवर चालणारा एका बर्नरचा पोर्टेबल स्टोव्ह, २३० ग्रॅमचा कॅन, पातळ अॅल्युमिनियमची कढई, झाकण. लाल सालीची रताळी १ किलो, गूळ २०० ग्रॅम, साजूक तूप ४० ग्रॅम, पाणी अर्धी वाटी.

पद्धत घरातलीच. कच्च्या चकत्या तुपात परतायच्या, वर किसलेला गूळ पसरायचा, झाकण ठेवून वाफ आणायची. घरच्या शेगडीवर वीस मिनिटांत होतं. इथे पस्तीस मिनिटं झाली तरी चकत्यांचा गाभा करकरीत आणि तळाचा पाक काळा, कडवट. निम्मा माल टाकावा लागला.

कारणं दोन. गूळ पडला की रताळं मऊ होणं मंदावतं. दाट पाक फोडीतलं पाणी ओढतो, आणि गुळातलं कॅल्शियम व किंचित आंबटपणा फोडीची घडण घट्ट धरून ठेवतात. घरच्या मंद आचेवर रताळी आधी आपल्या वाफेतच बरीचशी शिजतात, म्हणून हे तिथे जाणवत नाही. दुसरं कारण बर्नरचं. या स्टोव्हची ज्योत कढईच्या मधल्या टीचभर जागेवरच लागते. तिथे पाक करपतो आणि कडेच्या चकत्या कोमट राहतात.

म्हणजे गूळ पडण्याआधी रताळं पूर्ण शिजलेलं हवं. पुढचं सगळं काम या एका गोष्टीवर उभं आहे.

५ जानेवारी, रविवार

आधी शिजवायचं कसं, ते पाहिलं.

चकत्या करून पाण्यात उकडल्या: कडा विरघळल्या, गोडी पाण्यात गेली, फोड पाणचट. तुपात परतताना तिचा लगदा झाला. ही वाट बंद.

दीड सेंटिमीटर जाडीच्या चकत्या चाळणीत वाफवल्या: तेरा मिनिटांत उत्तम. एक किलोसाठी हेच करावं. पण चार-पाच किलो चकत्या एका थरात मावतील एवढं भांडं मुक्कामावर कोण नेणार?

सालीसकट अख्खी रताळी कुकरमध्ये, तळाला दोन बोटं पाणी, वर जाळी: एक शिट्टी, लगेच आच बंद, वाफ आपोआप जिरू द्यायची. दीडशे ते दोनशे ग्रॅमचं रताळं यात बरोबर शिजतं. दोन शिट्ट्या केल्या तर साल फाटते आणि टोकं पिठूळ होतात.

यातली खरी गोष्ट कापण्याच्या वेळेत आहे. गरम असताना सोलून कापली तर सुरीला चिकटतात, कडा फाटतात, आणि त्या फाटक्या कडा पाकात सुटून पाक गढूळ होतो. दोन तास उघड्यावर गार केली की आतला स्टार्च घट्ट बसतो, साल बोटाने निघते आणि फोडीची कड स्वच्छ येते. घाई असेल तर अर्ध्या तासातही कापता येतात, पण फरक ताटात दिसतो.

११ जानेवारी, शनिवार. मंडई

आज फक्त माल पाहायचा होता. मोठी, अर्धा किलोची रताळी स्वस्त मिळतात, पण त्यांत दोरे जास्त आणि मधला भाग उशिरा शिजतो. दीडशे ते दोनशे ग्रॅमची, मधे आणि टोकांना शक्यतो सारख्या जाडीची निवडावीत. भाव ६० रुपये किलो. लाल साल आणि पांढरा गर असलेली कोरडी, पिठूळ असतात, ती पाकात टिकतात. नारिंगी गराची दिसायला सुंदर, खायला गोड, पण ओलसर. चकती उलटताना मोडते. ती खिरीला आणि पोळीला ठेवावीत.

सालीवर टाचणीच्या डोक्याएवढी काळी भोकं दिसली तर ते रताळं घेऊ नये. आत सोंड्या भुंग्याची अळी असते, आणि पोखरलेलं रताळं आपल्या बचावासाठी जे कडू द्रव्य तयार करतं ते सबंध कंदात पसरतं. भोकाभोवतीचा भाग काढून उरलेलं वापरण्यात अर्थ नाही. एक कडू फोड सगळी कढई बिघडवते, आणि उपाशी पोटी ते बाधतंही.

१२ जानेवारी, रविवार

कालची निम्मी रताळी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली होती, निम्मी टोपलीत. शिजवल्यावर दोन्ही सारखी. पण मागच्या रविवारची चार रताळी भाज्यांच्या खणात आठवडाभर राहिली होती, ती एका शिट्टीनंतरच काय, तीन शिट्ट्यांनंतरही मधोमध कडक. साधारण १२ अंशांखाली बराच काळ राहिलेल्या रताळ्याचा गाभा शिजायचं नाकारतो, नंतर कितीही उकळा. मुक्कामासाठी आधी खरेदी करायची असेल तर गोणपाटात, घराच्या कोपऱ्यात ठेवा. धुवायचीसुद्धा निघायच्या वेळी.

आज गूळही पाहिला.

चिक्कीचा गूळ: पाक पटकन दाट झाला, चमक झकास. पाच मिनिटांनी ताटात त्याची चिक्की झाली. फोड दातांनी तोडावी लागली. नको.

गडद, बिनरसायनाचा गूळ: चव सगळ्यांत सखोल, पण फेस फार येतो आणि लवकर करपतो. घरच्या मंद आचेवर सुंदर होतो, लहान बर्नरवर राखता येत नाही.

काकवी: पातळच असल्यामुळे विरघळवायचं काम नाही, चार मिनिटांत फोडींवर बसते. पण चमक ओली राहते, घट्ट होत नाही, आणि चव रताळ्यावर चढते. दोघा-तिघांसाठी पाठीवरच्या सामानातून न्यायचं असेल तर हाच सोपा मार्ग.

नेहमीचा मऊ, पिवळसर-तपकिरी कोल्हापुरी गूळ, ७० रुपये किलो: हाच घ्यायचा.

साखरही करून पाहिली. कढईच्या कडेला उडालेले थेंब वाळले, त्यांचे कण पाकात पडले आणि सगळ्या पाकाची पुन्हा साखर झाली. फोडी पांढुरक्या, खरखरीत. लिंबाचे चार थेंब आधीच टाकले तर हे टळतं. गुळात मुळातच ती सोय असते.

गुळात वाळूचा कण आणि उसाचं चिपाड हमखास निघतं. कढईतच गूळ टाकला तर ते गाळता येत नाही आणि दाताखाली कच येते. त्यामुळे गूळ घरीच वितळवून न्यायचा. ९०० ग्रॅम गूळ, ३०० मिली पाणी, विरघळून एक उकळी आली की फेस काढायचा, बारीक गाळणीतून गाळायचं, गार करून फिरकीच्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरायचं. हा पाक नव्हे, नुसता गाळलेला गूळ. मुक्कामावर याने वीस मिनिटं आणि बराच गॅस वाचतो.

१८ जानेवारी, शनिवार. पवना धरणाच्या काठी, ओळखीच्या शेतात

गच्चीवरचा सगळा हिशेब इथे वाऱ्याने उधळला.

संध्याकाळी पाण्यावरून वारा सुटतो. ज्योत आडवी पडते आणि मंद केली की विझते. म्हणून मोठी ठेवली, तर कढईचा एक काठ जळतो आणि दुसरा गार. एक किलोच्या घाण्याला कॅन वजन करून पाहिला, सुमारे ७० ग्रॅम गॅस गेला. गच्चीत हेच काम ४० ग्रॅममध्ये झालं होतं.

आडोसा केला तो पत्र्याच्या तीन घड्यांचा. इथे एक गोष्ट जिवाची आहे. आडोसा स्टोव्हभोवती पूर्ण गोल बंद करायचा नाही. कॅनची बाजू उघडी राहिली पाहिजे. आत कोंडलेल्या उष्णतेने कॅन तापतो, दाब वाढतो आणि तो फुटू शकतो. तसंच कॅनच्या खणावर सावली धरेल एवढी मोठी परात किंवा तवा या स्टोव्हवर कधीच ठेवायचा नाही. रुंद भांड्याची धग खाली कॅनवर उतरते. स्टोव्हला जेवढी कढई झेपते तेवढीच. आमच्या स्टोव्हला ३० सेंटिमीटरची कढई जेमतेम चालते, तिचा काठ कॅनच्या खणावर येत नाही हे बघूनच ती घेतली आहे. दर पाच मिनिटांनी खणावर हात ठेवून पाहायचं. कोमट लागला तर थांबायचं.

मंद आचेचा प्रश्न जुन्या तव्याने सुटला. बर्नर आणि कढई यांच्यामध्ये २० सेंटिमीटरचा लोखंडी तवा ठेवला, दूध आटवताना ठेवतात तसा. धग पसरते, ज्योत मोठी ठेवली तरी पाक करपत नाही, आणि मोठी ज्योत वाऱ्याने विझत नाही. तवा तापायला तीन मिनिटं जास्त जातात, थोडा गॅसही जातो. दिला.

शेतमालकाच्या चुलीत जेवणानंतर निखारे होते. चार रताळी राखेखाली पुरली, पन्नास मिनिटांनी काढली. आजवर केलेल्या सगळ्यांत हीच गोड. रताळ्यातला एक पाचक रस स्टार्चची साखर करतो, पण तो साधारण ६० ते ७५ अंशांच्या मधेच काम करतो. निखाऱ्यात रताळं त्या टप्प्यातून सावकाश जातं, कुकरमध्ये झटकन ओलांडतं. ज्यांच्याकडे परवानगीची चूल आणि चार-सहाच माणसं आहेत त्यांनी कुकर विसरावा, निखाऱ्यात भाजून, सोलून, मग पाकात घालावीत. गूळही एक तृतीयांश कमी लागतो. रतनवाडीत मात्र हे करायचं नाही. तो कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा मुलूख आहे, फेब्रुवारीत गवत वाळलेलं असतं, आणि एक ठिणगी डोंगर जाळते.

१९ जानेवारी, रविवार, पहाट

चहाला स्टोव्ह लावला तर ज्योत बोटभर. कॅन रात्रभर बाहेर दवात होता. ब्यूटेन शून्याच्या आसपासच उकळतो, त्यामुळे हवा आठ-दहा अंशांवर आली की कॅनमधला दाब पडतो, आणि गॅस निघताना कॅन आणखी गार होतो. उपाय: रात्री कॅन स्टोव्हमधून काढून तंबूत, कपड्यांत गुंडाळून ठेवायचा. पहाटे हवं तर हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात दोन मिनिटं धरायचा. गरम पाणी नाही, ज्योतीजवळ तर नाहीच.

२५ जानेवारी, शनिवार. भांडी

लोखंडी कढई: रताळं लोखंडाला लागलं की काळपट-हिरवं पडतं. चव फार बिघडत नाही, पण ताटात कोणी हात लावणार नाही असा रंग. कारण रताळ्यातली तुरट द्रव्यं आणि लोखंड. खालचा तवा लोखंडी चालतो, त्याला रताळं लागत नाही.

पातळ अॅल्युमिनियम: हलकी, पण तव्याशिवाय अशक्य.

जाड बुडाची स्टीलची: पाकाचा रंग दिसतो, ही मोठी सोय. दोन किलोच्या वर वजन. गाडीने जायचं असल्याने हीच ठरली.

काळ्या लेपाची हार्ड अॅनोडाइज्ड: पाक चिकटत नाही, घासायला पाणी कमी. पण काळ्या तळावर पाकाचा रंग कळत नाही आणि करपणं उशिरा लक्षात येतं. पाठीवर सामान असेल तर ही घ्या आणि रंगाऐवजी पाकाच्या तारेवर भरवसा ठेवा.

कालथा लाकडी, चपटा. स्टीलच्या कालथ्याने फोडींचे कान तुटतात.

१ फेब्रुवारी, शनिवार. पाक

चमक नेमकी कुठे येते ते आज तापमापी लावून धरलं. पुण्यात पाणी ९८ अंशांना उकळतं. पाक १०२ ला असताना फोडीवरून ओघळून जातो, ताटात तळं. १०६ ला फोडीवर बसतो, चमकतो, गार झाल्यावरही मऊ. ११० च्या पुढे गेला की गार होताना चिवट होतो, आणखी वर गोळी धरतो.

आकडा पाठ करण्याऐवजी अंतर पाठ करा: तुमच्या जागी पाणी जिथे उकळतं त्याच्या ८ अंश वर. दर ३०० मीटर चढाईला उकळबिंदू साधारण एक अंश उतरतो. कोकणच्या किनाऱ्यावर १०८, रतनवाडीला साडेसातशे मीटरच्या आसपास साडेएकशेपाच, कळसूबाईच्या माथ्यावर १६४६ मीटरवर साडेएकशेदोनच्या जवळ. किनाऱ्यावरचा १०८ चा आकडा घेऊन माथ्यावर गेलात तर पाक गोळीकडे जाईल.

उथळ पाकात तापमापीचं टोक कढईच्या बुडाला टेकतं आणि चुकीचं सांगतं. कढई तिरकी करून पाक एका बाजूला गोळा करायचा, मग टोक बुडवायचं.

तापमापी नसेल तर: गार ताटलीवर एक थेंब टाका, ताटली उभी धरा. थेंब पळाला तर अजून वेळ आहे. सावकाश उतरून थांबला की पाहा, बोटांत एक तार यायला हवी, सेंटिमीटरभर टिकून तुटणारी. बुडबुडेही सांगतात. आधी पांढरे, फेसाळ आणि भराभर असतात. वेळ आली की मोठे, तपकिरी आणि आळशी होतात, आवाज जाड येतो. तिथून करपण्यापर्यंत दीड मिनिटसुद्धा नसतं, म्हणून आधीच कढई उतरवून मग तपासायचं.

मीठ चिमूटभर लागतंच, उपासाला सैंधव. त्याशिवाय गोडी सपाट लागते. लिंबू शेवटी, खाली उतरवल्यावर. वेलची आणि सुंठही तेव्हाच, उकळत्या पाकात वेलचीचा वास उडून जातो.

हाताला पाक लागला तर पुसत बसू नका. तो पाण्यासारखा ओघळत नाही, चिकटून भाजत राहतो. लगेच गार पाणी, वीस मिनिटं. स्टोव्हशेजारी पाण्याची भरलेली बादली ठेवल्याशिवाय पाक चढवायचा नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार. चार किलो एकदम

मोठ्या टोपात चार किलो शिजलेल्या फोडी, वर सगळा गूळ. तळाचे दोन थर विरघळले, वरच्या थराला पाक पोचलाच नाही, आणि ढवळलं की सगळंच मोडलं. वाफेला बाहेर पडायला जागा नसल्याने पाक दाट होईना. पन्नास मिनिटं आणि जवळजवळ एक सबंध कॅन गेला, तो २२० रुपयांचा. जे झालं त्यात खवलेलं नारळ घालून शिऱ्यासारखं खाल्लं. चव चांगली होती, पण तो दुसरा पदार्थ.

चमक ही एका थराचीच गोष्ट आहे. प्रत्येक फोड कढईच्या तळाला टेकली पाहिजे. दीड सेंटिमीटरच्या चकत्या ३० सेंटिमीटरच्या कढईत ८५० ग्रॅमपर्यंत एका थरात मावतात. तेवढाच एक घाणा.

९ फेब्रुवारी, रविवार. घाण्याचं माप

हे पक्कं धरलं. सोललेल्या, गार चकत्या ८५० ग्रॅम. तूप ४० ग्रॅम. गाळलेला गूळ १७५ मिली. सैंधव पाव चमचा, शेवटी चार वेलदोड्यांची पूड, चिमूटभर सुंठ, लिंबाचे सहा-सात थेंब.

तव्यावर कढई, कढईत तूप. तूप तापलं की चकत्या एका थरात, हलवायच्या नाहीत. दोन मिनिटांनी उलटायच्या, पुन्हा दोन मिनिटं. तांबूस डाग पडले पाहिजेत. परतलेल्या खरखरीत तळावरच पाक धरतो, गुळगुळीत फोडीवरून तो सटकतो. मग गूळ कडेने ओतायचा. कालथा न घालता कढईच दोन्ही कान धरून गोल फिरवायची. पाच-सहा मिनिटांत पाक येतो. उतरवायचं, मसाला, लिंबू, एकदा उलटायचं, ताबडतोब ताटात पसरायचं. एक घाणा दहा मिनिटांचा, गॅस २५ ग्रॅम.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आधी करून डब्यात भरून ठेवलं तर? अर्ध्या तासात फोडींना पाणी सुटलं, झाकणाची वाफही पडली, आणि पाक पातळ. हा पदार्थ वाढायच्या वेळीच करायचा. थांबावंच लागलं तर परातीत पसरून, वर जाळी. झाकण नाही. पाणी सुटलंच तर पाक वेगळा ओतून घ्यावा, एकटा आटवावा आणि फोडींवर परत घालावा. फोडींसकट आटवला तर लगदा.

२२ फेब्रुवारी, शनिवार. बांधाबांध आणि खर्च

रताळी ५ किलो, ३०० रुपये. साल, टोकं आणि खराब भाग जाऊन सव्वाचार किलो उरतात, म्हणजे पाच घाणे. गूळ १ किलो ७०, तूप पाव किलो १७०, वेलची ४०, लिंबं १०. गॅसचे दोन कॅन ४४०. एकूण १,०३० रुपये, माणशी ४३ च्या आत. तयारीच्या दिवसांत वाया गेलेला माल आणि गॅस यात धरलेला नाही.

कॅन गाडीनेच न्यायचे. रेल्वेत असे गॅसचे कॅन नेता येत नाहीत. उन्हात उभ्या गाडीतही ठेवायचे नाहीत. गुळाचा डबा दोन पिशव्यांत, उभा. वाटेतल्या राजूर गावाच्या पुढे रस्ता डबा हलवतो.

२६ फेब्रुवारी, बुधवार. रतनवाडी

दुपारी दोनला कुकर. अडीच किलोचे दोन हप्ते, एक-एक शिट्टी. परातीत पसरून सावलीत गार केली. पाच वाजता सोलून चकत्या. तयार चकत्यांवर ओलं फडकं टाकलं होतं, ते काढायला लागलं. त्याने वरचा भाग ओला होतो आणि तुपात तडतडतो. कोरडा पंचा बरा.

सहा वाजता वारा अपेक्षेपेक्षा कमी. गाडी वाऱ्याच्या बाजूला आडवी लावली होती, पण स्टोव्हपासून दहा पावलं लांब. दोन स्टोव्ह, दोन कढया. पहिल्या घाण्यात पाक साडेएकशेपाचला उतरवला आणि तो बरोबर निघाला. दुसऱ्या स्टोव्हच्या कॅनमधला गॅस संपत आल्यावर ज्योत लहान झाली आणि त्या कढईतला तिसरा घाणा पातळ राहिला. पाक ओतून घेतला, पहिल्या स्टोव्हवर एकटाच आटवला, परत घातला. सात मिनिटं गेली. पुढच्यांसाठी: पाक चढवण्याआधी कॅन हलवून पाहा, हलका वाटला तर तो चहाला ठेवा आणि पाकाला नवा लावा.

पाच घाणे पस्तीस मिनिटांत. पाचव्यात रताळी कमी आणि गूळ तेवढाच पडला, त्यामुळे तळाला पाक उरला. चकत्या कमी असतील तर गूळही त्याच प्रमाणात मोजून घाला. उरलेला पाक वाटीत काढला, तो भगरीबरोबर संपला.

माणशी सात-आठ चकत्या आल्या. ताटात शेवटपर्यंत पाक आमटीत उतरला नाही.

गुळाच्या वासाला मुंगळे पंधरा मिनिटांत येतात. गुळाचा डबा पाणी भरलेल्या ताटात उभा ठेवला होता, त्यामुळे तो वाचला. कालथा जमिनीवर राहिला, तो नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. भांडी

रात्री कढया गरम असतानाच त्यांत दोन पेले पाणी घालून एक उकळी आणली होती. पाक सगळा सुटला. तसंच वाळू दिलं असतं तर काथ्याने घासूनही निघालं नसतं आणि बादलीभर पाणी गेलं असतं. ते गोड पाणी गाळून, मुक्कामापासून लांब, शेताच्या बांधावर खड्डा करून त्यात ओतलं. सालीही त्याच खड्ड्यात, वर माती. नुसत्या उघड्या टाकल्या तर माकडं आणि रानडुकरं त्या जागेला सोकावतात आणि त्रास शेतमालकाला होतो. देवळाजवळच्या पुष्करणीत किंवा नदीत भांडं विसळायचं नाही, राखेनेसुद्धा नाही.

रिकामे कॅन परत आणले. भोक पाडण्याआधी ते पूर्ण रिकामे आहेत हे उघड्या जागी, ज्योतीपासून लांब तपासायचं, मगच भंगारात.